देशोदेशींचीं नगरें : ह्युएनत्संगाचें चांगआन

चीन देशांतील नगरांची गोष्ट निघाली म्हणजे बीजिंग आणि शांघाय हीं दोनच नांवें बहुधा आपल्या ओठांवर येतात. परंतु ज्यांच्या घरीं संस्कृत विद्येचा थोडाबहुत संस्कार आहे, त्यांनीं तिसरें एक नांव अवश्य ध्यानांत ठेवावें. तें म्हणजे पश्चिमेकडील शान्सी प्रांताची राजधानी शीआन. सवा कोटीहून अधिक वस्तीचें हें नगर प्राचीन काळीं चांगआन या नांवानें प्रसिद्ध होतें, आणि थांग वंशाच्या राजवटींत (इ. स. ६१८–९०७) तें जगांतील मोठ्यांत मोठ्या नगरांपैकीं एक होतें.

आपला आणि या नगराचा संबंध दूरचा नाहीं. ह्युएनत्संग नांवाचा जो चिनी भिक्षु भरतखंडांत येऊन नालंदेस शिकला, तो येथूनच निघाला आणि सुमारें सोळा वर्षांनीं, इ. स. ६४५ मध्यें, येथेंच परतला. त्याच्यासमवेत वीस घोड्यांवर लादलेले ६५७ संस्कृत ग्रंथ होते. पुढच्याच वर्षीं आपल्या शिष्याकडून त्यानें जें प्रवासवर्णन लिहवून घेतलें, त्यांत महाराष्ट्र देशाचेंही वर्णन आहे. येथील लोक ताठ मानेचे, उपकाराची जाणीव ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेतल्यावांचून न राहणारे आहेत, असें तो सांगतो. हर्षासारख्या सम्राटाला दाद न देणाऱ्या पुलकेशी राजाचें नांवही तो घेतो. ऐहोळे येथील रविकीर्तीच्या प्रशस्तींत (इ. स. ६३४) महाराष्ट्राचा उल्लेख आहे खरा, पण ती दरबारच्या कवीची स्तुति. परक्या, डोळस पाहुण्यानें रेखाटलेलें आपल्या पूर्वजांचें चित्र हवें असेल, तर तें चांगआनांत लिहिलें गेलें.

आतां तेथें जाणाऱ्या प्रवाशाला प्रथम काय दिसेल? इ. स. ६५२ मध्यें ह्युएनत्संगाच्या ग्रंथांच्या रक्षणासाठीं बांधलेला आणि पुढें अर्धशतकानें नव्यानें उभारलेला विटांचा मनोरा, ज्यास ‘रानहंसाचा थोरला मनोरा’ म्हणतात. त्याची उंची सुमारें ६४ मीटर. तळमजल्याच्या दक्षिणद्वाराच्या दोन्ही अंगांस सम्राटानें व युवराजानें त्याच्या भाषांतरांस लिहिलेल्या प्रस्तावना शिळेवर कोरलेल्या आहेत. धाकटा मनोराही शाबूत आहे; त्याचा संबंध इत्सिंग या दुसऱ्या यात्रेकरूशीं आहे. बाकीचें थांगकालीन चांगआन मात्र जमिनीवर उरलें नाहीं. इ. स. ९०४ मध्यें एका बलाढ्य सरदारानें राजधानी हलवितांना वाडे आणि घरें मोडून त्यांचें लांकूड नदींतून वाहून नेलें. विटा राहिल्या, लांकूड गेलें. आज जो भव्य कोट दिसतो तो पुढच्या मिंग काळांतला आहे.

म्हणून या नगरांत ‘नवें काय सांपडलें’ हा प्रश्न खालीं जमिनीकडे पाहूनच विचारावा लागतो. तेथें पाया खणावयाचा म्हणजे आधीं पुराणवस्तुसंशोधकांस पाचारण करावें लागतें. पहिली भुयारी रेल्वे इ. स. २०११ मध्यें सुरू झाली, तेव्हां चौकांतील १३८४ सालच्या घंटाघराला धक्का पोंचूं नये म्हणून तिचे दोन बोगदे त्याच्या दोन बाजूंनीं वळवून नेले आहेत. विमानतळ वाढविण्याचें काम निघालें तेव्हां तर तीन हजारांहून अधिक जुनीं थडगीं उघडीं पडलीं. त्याच परिसरांत एका उत्तर-हान काळांतील कुटुंबाच्या थडग्यांत दोन लहानशा बुद्धमूर्ति मिळाल्या. एक उभी, साडेदहा सेंटिमीटरांची. दुसरींत पांच बुद्ध एकत्र. इ. स. २०२१ च्या डिसेंबरांत ही वार्ता जाहीर झाली. घडण गांधार पद्धतीची, पण ओतकाम चिनी भूमींतलें. कांहीं पंडित त्यांचा काळ थोडा अलीकडे ओढतात. तथापि आपल्याकडील एक मूर्तिकल्पना वाळवंट ओलांडून ओंजळीएवढ्या धातूंत तेथवर पोंचली होती, एवढें तरी त्यावरून निर्विवाद ठरतें.

विमानतळाजवळच इ. स. २०१३ मध्यें सापडलेलें दुसरें एक थडगें आमच्या वाचकभगिनींनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तें शांगक्वान वानअर हिचें. ही विदुषी सम्राज्ञी वू हिची लेखनिका आणि स्वतः नामांकित कवयित्री, इ. स. ७१० च्या राज्यक्रांतींत ती मारली गेली. दरबारी इतिहासकारांनीं तिला कारस्थानी राणीच्या पक्षांत बसविलें होतें. थडगें पुरतें उद्ध्वस्त झालेलें मिळालें, पण त्यांतील मृत्युलेखाची शिळा वांचली होती. आणि ती शिळा सांगते कीं तिनें त्या राणीच्या बेताला विरोध केला, इतका कीं विषही घेतलें. मृत्युलेख हा स्नेह्यांचा लेख असतो, हें विसरूं नये. पण तेराशें वर्षें एकाच पक्षाचें म्हणणें ऐकल्यावर दुसऱ्या पक्षाचा साक्षीदार जमिनींतून उठून उभा राहावा, हें थोडें नव्हे.

त्याच २०२१ सालीं सम्राट वन् याचें खरें थडगेंही निश्चित झालें. हा इसवी सनापूर्वीं १८० ते १५७ पर्यंत राज्य करणारा राजा काटकसरीबद्दल प्रसिद्ध. शेंकडों वर्षें लोक जवळच्या एका टेंकडीला त्याची समाधि समजत आले. खरी समाधि निघाली ती सपाट शेताखालीं, वर मातीचा ढीग नाहीं, भोंवतीं मात्र शंभराहून अधिक खड्डे आणि त्यांत मातीच्या बाहुल्या. साधेपणाची त्याची कीर्ति खोटी नव्हती, एवढें त्या ढिगाच्या अभावानें सिद्ध केलें.

हीं सर्व शोधकामें सामान्य माणसास कळावीं यासाठीं एप्रिल २०२२ मध्यें नगराच्या दक्षिणेस पुराणवस्तुसंशोधनाचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें आहे. तेथें वस्तु नुसत्या कांचेंत मांडलेल्या नाहींत. त्या कशा शोधल्या, कशा साफ केल्या, कशा जोडल्या हेंही दाखविलें आहे. मुलांस घेऊन जाणाऱ्यानें हें आधीं पाहावें. सोन्याचें भांडें पाहून डोळे दिपतात; खापराचे पन्नास तुकडे जुळतांना पाहून बुद्धि जागी होते.

आतां रात्रीच्या मौजेकडे वळूं. थोरल्या मनोऱ्याच्या दक्षिणेस सुमारें दोन किलोमीटर लांबीची पायरहदारीची एक पेठ आहे, तिला ‘थांगांची निद्राहीन नगरी’ असें नांव दिलें आहे. दिव्यांचा लखलखाट, जुन्या धर्तीचे नवे वाडे, आणि थांगकालीन पोषाख भाड्यानें घेऊन मिरवणाऱ्या तरुणी. हें सारें सोंग आहे, असें आमच्यासारखा जुना मास्तर चटकन् म्हणेल. आणि वाडे नवे आहेत हें खरेंच. परंतु तेथें इ. स. २०२३ पासून सुरू झालेला एक खेळ आम्हांस विचार करावयास लावतो. सम्राट थाइत्सुंगाच्या दोन मंत्र्यांचीं सोंगें घेतलेले नट चव्हाट्यावर उभे राहून वाटसरूंस प्रश्न विचारतात. इतिहासांतले, भूगोलांतले, आणि अर्धा चरण सांगून उरलेला पुरा करावयास लावणारे! भोंवतीं हजारोंची गर्दी, आणि उत्तर देणारा कोणी दुकानदार, कोणी विद्यार्थिनी. जेथें रस्त्यावरचा माणूस बाराशें वर्षांपूर्वींच्या कवितेचा चरण पुरा करूं शकतो, तेथें पुठ्ठ्याच्या वाड्यालाही थोडा पाया आहे असें म्हणावें लागेल.

उदरभरणाविषयीं दोन शब्द. शाकाहाऱ्यास तेथें विचारपूस करूनच खावें लागतें, पण उपासमार होत नाहीं. ‘ल्यांगफी’ नांवाचा पदार्थ तर आमच्या गृहिणींस ओळखीचा वाटेल. कुरडईकरितां आपण जसा गव्हाचा चीक काढतों, तसा कणकेचा गोळा पाण्यांत धुऊन तेथें चीक काढतात, निवळल्यावर ताटलींत ओतून वाफवितात, आणि पट्ट्या कापून शिरका व तिखट तेल घालून थंडच खातात. दुसरा पदार्थ वरणफळांच्या पट्ट्यांची आठवण करून देणारा, पण कमरपट्ट्याएवढा रुंद. त्याचें नांव ‘ब्यांगब्यांग’. तें लिहिण्याच्या अक्षरास पन्नासांहून अधिक रेघा लागतात, आणि संगणकाच्या सार्वत्रिक अक्षरसंचांत त्याला इ. स. २०२० मध्येंच काय ती जागा मिळाली.

शेवटीं ज्यासाठीं हा विषय घेतला, तें सांगतों. वीस घोड्यांवरून गेलेल्या त्या ६५७ पोथ्या आज राहिल्या नाहींत. राहिलीं तीं ह्युएनत्संगानें एकोणीस वर्षें खपून केलेलीं ७५ ग्रंथांचीं भाषांतरें. त्यांतील कित्येकांचीं संस्कृत मूळें आपल्याही देशांत नष्ट झालीं. आपलीच हरवलेली वस्तु परक्याच्या घरून उलगडून आणण्याचें काम कोणी करावें लागतें, पुण्याच्या पु. वि. बापट यांनीं चिनी अनुवादाच्या आधारें ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाचा तुलनात्मक अभ्यास इ. स. १९३७ मध्यें प्रसिद्ध केला, तो याच जातीचा उद्योग. परंतु प्रत्येक ग्रंथाला ह्युएनत्संग भेटत नाहीं. ज्या घरांत हें मासिक जातें, त्यांपैकीं अनेकांच्या माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेलीं बाडें अजून असतील, आणि वाडा पाडून इमारत उठवितांना पहिल्यानें रद्दींत जातात तीं तींच. १९१७ सालीं स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेंत पंचवीस हजारांहून अधिक हस्तलिखितें जतन केलेलीं आहेत. त्यांतील पुष्कळशीं एके काळीं कोणाच्या तरी माळ्यावरच होतीं. शीआनचे लोक पाया खणण्यापूर्वीं जमीन तपासतात. आपण निदान वाडा पाडण्यापूर्वीं माळा तपासावा. फडकें सोडावें, धूळ झटकावी, आणि वाचतां न आलें तर वाचणाऱ्याच्या हातीं द्यावें.