कुंपणाच्या आत आणि बाहेर

गडचिरोलीस विमानतळ करण्याची योजना सरकारने मांडल्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापारी वर्गास आनंद वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु विमान आले म्हणजे त्यामागोमाग भरभराट येतेच, या समजुतीस इतिहासाचा आधार नाही, हे स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

इराकातील हब्बानियाचे उदाहरण पाहावे. बगदादच्या पश्चिमेस, युफ्रेटिसच्या काठी ब्रिटिशांनी १९३६ साली तेथे हवाई तळ वसविला. उजाड भूमीत वीजघर, शुद्ध पाणी, इस्पितळ, चित्रपटगृह, पोहण्याचा तलाव, शर्यतीचे मैदान, इतकेच नव्हे तर फुलबागाही निर्माण झाल्या. अंमलदार संध्याकाळी पोलो खेळत. तळावर राबणारे कामकरी, बहुतांशी असीरियन, आपल्या बायकामुलांसह निराळ्या वस्तीत राहत. या सर्वांभोवती सुमारे सात मैलांचे कुंपण होते. १९४१ च्या मे महिन्यात इराकी सैन्याने वेढा दिला, तेव्हा तळ लढून तगला. पण १९५९ साली ब्रिटिश निघून गेले व त्यांच्या चाकरीवर चालणारा तो संसारही आटोपला. ती सुबत्ता त्या भूमीची नव्हतीच. ती साम्राज्याच्या गरजेची होती.

इतके दूर तरी कशास जावे? आपल्या शेजारी गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी महायुद्धासाठी १९४० साली बांधली. तेथून सामान्य उतारूंसाठी नियमित विमानसेवा सुरू होण्यास २०२२ साल उजाडले! ब्याऐंशी वर्षे धावपट्टी गावाला लागून होती. गावाच्या उपयोगी मात्र पडली नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, गडचिरोलीचा विमानतळ केवळ लोहखाणींच्या मालकांची व अधिकाऱ्यांची सोय ठरू नये. ज्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाने २००९ साली आपल्या वनावरील सामूहिक हक्क मिळविला, तेथे ग्रामसभेस डावलून जमीन घेणे सर्वथा अनुचित होय. जमिनीचा रास्त मोबदला आधी हाती पडावा, स्थानिक तरुणांस विमानतळावरील कसबाच्या कामांचे शिक्षण मिळावे, आणि पर्लकोटेच्या पुराने जगापासून तुटणाऱ्या भामरागडासारख्या गावांच्या वाटा बारमाही व्हाव्यात.

व्यापाऱ्यांनीही हा विचार स्वहितासाठी करावा. त्यांचे गिऱ्हाईक विमानाने येणारे नाही. ते आठवडी बाजारास पायी येणारे आहे. त्याच्या हाती पैसा खेळेल तरच पेठ वाढेल. तेव्हा विमानतळाची मागणी करताना या अटीही त्यांनी त्याच अर्जात घालाव्यात.