व्यवसायशिक्षण आणि महाविद्यालयाची निवड

बारावीनंतर व्यापार-व्यवसायाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो महाविद्यालयाच्या निवडीचा. जबलपुरातील मराठी कुटुंबांत या प्रश्नाला एक जुने वळण आहे. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेली, तरी नातीगोती नागपूरशीच जुळलेली राहिली. त्यामुळे 'शिकायचे तर नागपूरला नाही तर पुण्याला जावे' असा विचार अनेक घरांत आजही होतो. या विचाराची एकदा नीट पारख केली पाहिजे.

जबलपुरात पर्यायांची उणीव नाही. वाणिज्य शिक्षणासाठी येथे गोविंदराम सेक्सरिया महाविद्यालय आहे. याच नावाची महाविद्यालये वर्धा व नागपूर येथेही आहेत. १९५६ मध्ये स्थापन झालेले राणी दुर्गावती विद्यापीठ याच शहरात आहे. काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्रही येथे आहे.

मग दूर जाण्याची किंमत किती? आपण केवळ शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च मोजतो. अर्थशास्त्र मात्र आणखी एक खर्च दाखवून देते, तो म्हणजे संधी खर्च. समजा, एखादा तरुण दुकानात काम करून महिन्याला ८,००० रुपये मिळवतो. शिक्षणासाठी त्याने ते काम सोडले, तर तीन वर्षांत २,८८,००० रुपयांचे उत्पन्न बुडते. ही रक्कम कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. घराला मात्र ती भरावीच लागते.

शिवाय व्यवसाय हा विषय केवळ वर्गात शिकण्याचा नाही. सलवार-सूट शिवणारे जबलपूरचे कारखाने, मटारच्या हंगामातील बाजार, भेडाघाटच्या संगमरवरावर चालणारी कारागिरी ही सारी व्यवसायाची जिवंत उदाहरणे आहेत. उधारी कशी वसूल होते, माल पडून राहिला तर भांडवल कसे अडकते, हे ज्याने दिवसा पाहिले आहे, त्याला रात्री हिशेबशास्त्राचे पुस्तक अधिक लवकर उमगते.

दूर जाण्यात काहीच लाभ नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. नव्या शहरात ओळखी वाढतात, स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय लागते. शिष्यवृत्ती मिळत असेल किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय असेल, तर अवश्य जावे. परंतु केवळ नावासाठी घर गहाण टाकून जाणे शहाणपणाचे नाही. इंदूरची भारतीय व्यवस्थापन संस्था १९९६ मध्ये आणि नागपूरची २०१५ मध्ये सुरू झाली. तेथील एम.बी.ए. अभ्यासक्रमासाठी पदवी आणि सामाईक प्रवेश परीक्षेतील गुण पाहिले जातात. ती पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची असली, म्हणजे घराजवळ राहून शिकलेल्यालाही ही परीक्षा देता येते. म्हणून पहिली पदवी परवडेल तेथे घ्यावी आणि मोठा खर्च पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा.

निवड करताना जाहिरातीपेक्षा कागदपत्रांवर विश्वास ठेवावा. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने देशभर जाहिराती करणाऱ्या एका संस्थेला 'एम.बी.ए.' व 'बी.बी.ए.' हे शब्द वापरण्यास मनाई केली होती. पदवी देणारे विद्यापीठ कोणते, त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क किती, आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हे प्रश्न विचारण्यात संकोच कसला? त्या महाविद्यालयातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांनाही भेटावे. आज ते काय करतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

कापड घेताना आपण पोत पाहतो, भाव करतो, दोन दुकाने फिरतो. आयुष्याची तीन वर्षे आणि कुटुंबाची पुंजी ज्या निवडीवर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत याहून कमी चौकसपणा दाखवणे योग्य नव्हे. जो विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा हिशेब स्वतः मांडतो, त्याने व्यवसायाचा पहिला धडा प्रवेशापूर्वीच गिरवलेला असतो.