बडादेव, महादेव आणि आपले उतावीळ ऐक्य

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी वैनगंगेच्या पैलतीरावरील मार्कंडा क्षेत्री यात्रेकरूंची रीघ लागते, आणि ऐलतीरी आपल्या गोंडपिपरी तालुक्यात कीर्तनाचे मंडप उभे राहतात. या मंडपांतून पूर्वरंग संपता संपता एक वाक्य हटकून येते : देव एकच, नावे तेवढी निराळी, तुमचा बडादेव तोच आमचा महादेव. श्रोते माना डोलवितात. वाक्य श्रुतिमधुर आहे, त्यामागील हेतूही शुद्ध आहे. तथापि ते शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही आणि शेजारधर्मासही शोभत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या वाक्याच्या पुष्ट्यर्थ शिवमहिम्नस्तोत्रातील नद्या आणि सागर यांचा दृष्टान्त सांगण्याची प्रथा आहे. दृष्टान्त अप्रतिम आहे, यात शंका नाही. परंतु तो देताना स्तोत्रकाराने कोणते मार्ग मोजले आहेत, हे किती जण पाहतात? वेदत्रयी, सांख्य, योग, पाशुपत आणि वैष्णव. पाचही मते एकाच अंगणातली! त्याच्यासमोर ना अरबस्तानातला एकेश्वरवाद होता, ना वनातला पेन. पाचांविषयीचे वचन साऱ्या जगाला लावणे हा अतिव्याप्तीचा दोष होय.

आणि त्या अंगणात तरी एकमत कोठे होते? निरीश्वर सांख्य प्रकृति-पुरुषांवर भागवितात. मीमांसक तर वेदांचे कडवे अभिमानी; परंतु जगत्कर्ता ईश्वर कुमारिलभट्टांनी नाकारला आणि तरीही ते आस्तिकच राहिले, कारण आस्तिक-नास्तिक हा भेद वेदप्रामाण्यावरून ठरे, देव मानण्यावरून नव्हे. उलट उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलि हा अख्खा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी खर्ची घातला. आपल्या पूर्वजांनी हे वाद मिटविण्याची घाई केली नाही. ते शतकानुशतके चालविले.

जगाकडे पाहिले तर अंतर अधिकच वाढते. यहुदी लोक ईश्वराचे नाम लिहितात, पण त्याचा उच्चार करीत नाहीत. नामसंकीर्तनावर जगणाऱ्या आम्हां कीर्तनकारांना हे केवढे नवल! कोकणातल्या बेने इस्रायलांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तने रचली व गायिली, ती आब्राहामाची चरित्रे होती. पात्र आपले, रस त्यांचा. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. वैकुंठ हा शब्दसुद्धा त्यांनी आपलाच घेतला, मात्र देव आपला घेतला नाही. त्यांचा ईश्वर शून्यातून सृष्टी निर्मितो आणि एकदाच देह धारण करतो. आपल्या सत्कार्यवादाला शून्यातून उत्पत्ती मान्य नाही, आणि आपला देव युगायुगी येतो. इस्लामचा अल्ला अवतारही घेत नाही, त्याला पुत्रही नाही आणि प्रतिमाही नाही. त्याच्या एकत्वात भागीदार कल्पिणे हेच तेथे महापातक. या तिन्ही कल्पनांना ‘एकच’ म्हणणारा मनुष्य उदार नव्हे. त्याने तिन्ही नीट ऐकलेल्या नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोंडांचा पेर्सा पेन म्हणजे थोर देव. त्याला बहुधा मूर्ती नसते. त्याचे ठाणे साजाच्या, म्हणजे आपण ज्याला ऐन म्हणतो त्या वृक्षापाशी. कुळे चार, पाच, सहा, सात देवांची मानतात आणि त्यावरून सोयरीक ठरते. म्हणजे देव येथे केवळ पूजेचा विषय नाही. नातेगोते, कूळ आणि वन यांची ती गाठ आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून वर शिळा लोटली, अशी कथा आहे. पार्वतीला त्यांचा विरह सोसवेना. पुढे लिंगोने त्यांना सोडविले. आपल्याला हे रुचो वा न रुचो, त्या कथेत महादेव हा कोंडणारा आहे. अशी कथा ज्यांच्या ओठी आहे, त्यांना ‘तुमचा देव तोच आमचा’ असे व्यासपीठावरून बजावणे म्हणजे दुसऱ्यांदा शिळा लोटण्यासारखेच आहे.

हीच गोष्ट बौद्धांची. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी चांद्यास धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत तर तेथे सरळ फेटाळले आहे. ज्या जिल्ह्यात हे घडले, तेथेच दशावतार लावताना नवव्या स्थानी बुद्धाला बसवून आपण समन्वय साधल्याचे समाधान मानतो! समोर बसलेल्या बौद्ध बांधवाला काय वाटत असेल? त्याच्या धर्मात जगत्कर्त्याला स्थानच नाही. भद्रावतीला पार्श्वनाथाचे मंदिर, विजासनची बौद्ध लेणी आणि भद्रनागाचे देऊळ एकाच गावी आहेत. जैनांचा तीर्थंकर जग निर्मीत नाही, वर देत नाही. तिन्ही स्थाने शेजारी नांदली, पण कोणी कोणाच्या गाभाऱ्यावर आपली पाटी लावावी, याची गरज पडली नाही.

कोणी म्हणेल, भेद बोलून दाखविल्याने तेढ वाढेल. आक्षेप हलका नाही. आजच्या दिवसांत तर नाहीच. त्याला उत्तर नाथमहाराजांचे आहे. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या देवावर, शास्त्रावर, आचारावर सडेतोड आक्षेप घेतात. एकही शंका पोटात ठेवीत नाहीत. अखेरीस आलिंगन देतात. आम्ही कीर्तनकारांनी पहिला भाग गाळून दुसरा तेवढा ठेवला आहे, कारण पहिल्याला अभ्यास लागतो.

म्हणून यंदाच्या मंडपांच्या चालकांना एक विनंती. एका रात्री आरतीपूर्वी अर्धा घटका गावातल्या जाणत्या भुमकाला द्यावी. त्याने पेर्सा पेनाची कथा गोंडीत सांगावी, जवळच्या कुणी मराठीत उलगडावी, आणि बुवांनी वीणा खाली ठेवून श्रोत्यांत बसून ती ऐकावी.