तारेचे मोल आणि कानाची परीक्षा

संगीत ऐकण्याची महागडी यंत्रसामग्री हा श्रीमंतांचा छंद आहे, त्यात कार्यकर्त्यांनी डोके का घालावे, असे काही मित्र विचारतील. वस्तुतः ग्राहकाला कोणत्या रीतीने नागविले जाते हे या व्यापारात जितके उघडपणे दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. कारण येथे विकली जाणारी वस्तू म्हणजे तांब्याची तार, आणि तांब्याच्या तारेत गूढ असे काहीही उरलेले नाही.

ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या बारा फुटी तारांच्या एका अमेरिकन जोडीची किंमत २००७ साली ७,२५० डॉलर होती. त्या वेळच्या दराने पावणेतीन लाख रुपयांहून अधिक. जेम्स रँडी या विख्यात जादूगाराने त्या वर्षी जाहीर आव्हान दिले : ही तार आणि साधी चांगली तार यांतील फरक, कोणती जोडली आहे हे न पाहता, केवळ कानाने ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. एका समीक्षकाने तयारी दर्शविली. परंतु उत्पादकाने आपली तार देण्याचे नाकारले, अटींवरून वाद झाला, आणि परीक्षा झालीच नाही. आपल्याकडील विवेकवादी चळवळीला ही पद्धत परिचित आहे. डॉ. अब्राहम कोवूर यांनी श्रीलंकेत १९६३ साली चमत्कार सिद्ध करणाऱ्यास एक लाख रुपये देऊ केले होते. महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही अशी आव्हाने गावोगाव दिली. बाबा परीक्षेला का येत नाहीत, हे आपण जाणतोच.

या प्रकारची परीक्षा प्रत्यक्षात झालेलीही आहे. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने १९८३ साली अकरा श्रोते बसवून तारांची तुलना केली. संगीत ऐकताना महागडी जाड तार आणि १६ गेजची साधी तार यांत त्यांना भरवशाने भेद करता आला नाही. २४ गेजची अतिबारीक तार मात्र ओळखता आली, आणि त्याचे कारणही साधे होते : तिच्या रोधामुळे आवाजच किंचित पडत होता. तेव्हा ‘सगळ्या तारा सारख्याच’ असे म्हणणेही चूक आहे. तार पुरेशा जाडीची हवी, जोड घट्ट हवेत. मायक्रोफोनच्या नाजूक संकेताला बाहेरील गुणगुण लागू नये म्हणून आवरण हवे. एवढे झाले की तारेचे काम संपले.

हिशेब कोणालाही करता येईल. वायरमन ज्याला ‘अडीच एमएम’ म्हणतात त्या तांब्याच्या तारेचा रोध एका मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. स्पीकर पाच मीटरवर असला तर जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर तार लागते. रोध झाला ०.०७ ओहम. समोर स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी! ‘प्राणवायुविरहित तांबे’ हा मंत्र विक्रेते जपतात. त्याची वाहकता नेहमीच्या विद्युत तांब्याहून जेमतेम एक टक्क्याने अधिक असते, आणि तो फरक तार केसभर जाड घेतली की भरून निघतो.

पुढची पायरी तर विनोदाची आहे. तारेवर बाण छापतात आणि संगीत याच दिशेने वाहिले पाहिजे असे सांगतात. संगीताचा विद्युतप्रवाह दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला हा बाण कोण दाखविणार? २००८ साली एका जपानी कंपनीने दीड मीटरची संगणक-जाळ्याची बाणयुक्त तार ४९९ डॉलरला बाजारात आणली होती. जिच्यातून केवळ शून्य आणि एक जातात, ती तार आकडे अधिक ‘मधुर’ करून पोहोचविते म्हणे! भिंतीतील सॉकेटपासून यंत्रापर्यंतची शेवटची दीड मीटर तारही सोन्याच्या भावाने विकली जाते. त्याआधी तीच वीज चंद्रपूर वा कोराडीहून शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांवरून आणि इमारतीतील साध्या वायरिंगमधून आलेली असते, याचा विसर पाडणे हीच विक्रेत्याची कला.

परंतु याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ‘मला काही फरक जाणवला नाही’ असे गिऱ्हाईक म्हणाले की त्याला सांगितले जाते, तुमचा कान अजून तयार नाही, किंवा तुमचे यंत्र त्या दर्जाचे नाही. म्हणजे वस्तूतील उणीव ग्राहकाच्या अंगी चिकटविली जाते, आणि तो लाजेने दुसरी, अधिक महाग तार घेतो. ज्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर ७८ फेऱ्यांच्या खरखरत्या तबकड्यांवर ऐकून डोळे पुसले त्यांचे कान काय कच्चे होते? हेच तंत्र खाली झिरपत येते. हप्त्यावर दूरचित्रवाणी संच घेणाऱ्या कामगाराच्या गळ्यात दुकानदार ‘सोनेरी’ तार मारतो, तेव्हा तो याच शाळेत शिकलेला असतो. ज्या मजुराने ती तार ओढली, वळली, गुंडाळली, त्याच्या वेतनात मात्र सोनेरी शब्दांपैकी एकही पोहोचत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याविषयी एक तरतूद आहे, तिच्याकडे ग्राहक चळवळीने लक्ष द्यावे. पुरेशा व योग्य चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या कार्यक्षमतेची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि चाचणी केली होती असा बचाव घेतल्यास ती सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावरच पडतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. तेव्हा पावती आणि दाव्यांचे छापील पत्रक जपून ठेवावे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही, आणि वकील देण्याची सक्तीही नाही.