पोरीची तयारी झाली, बाकीच्यांचे काय?

मुलगी दोन महिन्यांसाठी पुण्या-मुंबईला निघाली की सगळी तयारी तिच्या एकटीकडून करून घेतली जाते. ती ज्या घरातून निघते ते घर, तिला पाठवणारे कॉलेज, जिथे ती काम करणार ती कंपनी आणि जिथे ती झोपणार ती खोली, यांनीही काही तयारी करायची असते हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. माझे भांडण याच गोष्टीशी आहे.

‘इंटर्नशिप’ हा शब्द आता आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांतही रुळला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले. २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना काढली, त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. प्रश्न एवढाच की प्रशिक्षण घ्यायचे कुठे? हा जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या सरकारी यादीत बसला. आकांक्षा आमच्याकडे पुष्कळ आहेत; संगणकाचे काम शिकवील अशी कंपनी शोधायला मात्र पुणे गाठावे लागते.

माझी भाची मंगरुळपीर तालुक्यातली, बी.एस्सी.ला शिकते. २०२५ च्या उन्हाळ्यात ती अशीच पुण्याला गेली. जायचे ठरल्यापासून निघेपर्यंत तिला घरातून, शेजारातून, फोनवरून मिळालेल्या सूचना मी मोजल्या. सतरा झाल्या. त्यांतल्या पंधरा ‘नको’ या शब्दाने संपत होत्या. रात्री उशीर करू नको, कोणाशी जास्त बोलू नको, असले कपडे घालू नको, फोटो टाकू नको, ऑफिसातल्या मुलांसोबत चहाला जाऊ नको. उरलेल्या दोन म्हणजे रोज फोन कर आणि जेवत जा. आजीचा प्रश्न तर सरळच होता, “पोरीले एकटी धाडता काय वो? तिथं तिले हाय कोन?”

आजीचा प्रश्न मला त्यातल्या त्यात बरा वाटला. तिने निदान तिथे कोण आहे हे विचारले. बाकीच्यांनी ही मुलगी कशी वागेल एवढ्याचाच हिशेब मांडला होता.

तिचा चुलतभाऊ आदल्या वर्षी असाच मुंबईला गेला होता. त्याची पिशवी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरली गेली, तीही त्याच्या आईने भरली. त्याला एकच सूचना मिळाली, पैसे जपून वापर. या मुलाला भात लावता येत नव्हता, शर्ट धुता येत नव्हता, चार अनोळखी माणसांत खोली वाटून कसे राहायचे हे ठाऊक नव्हते. म्हणजे खरी तयारी त्याची करून घ्यायला हवी होती. विशेषतः सोबत काम करणाऱ्या मुलीशी कसे वागावे याबद्दल. ते कोणी बोलले नाही.

आता पैशाचे बोलू, कारण या विषयात सगळे अडते ते तिथेच. कंपनीने कळवले होते की मानधन नाही, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल. एका खोलीत तिघी, दोन वेळचे जेवण धरून एका खाटेचे महिन्याला साडेसात हजार. दोन महिन्यांचे पंधरा हजार. अनामत आणखी साडेसात. शहरातल्या बसचा खर्च, जाण्यायेण्याचे भाडे, दोन बरे ड्रेस धरून सगळे मिळून साडेअठ्ठावीस हजारांवर गेले. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने हे जवळजवळ सहा क्विंटल सोयाबीन झाले. कोरडवाहू एकराला एवढे उतरले तर आमच्याकडे बरे वर्ष म्हणतात. आणि हमीभाव कागदावरचा असतो, बाजार समितीच्या ओट्यावरचा वेगळा असतो, हे ज्यांनी सोयाबीन विकले त्यांना सांगायला नको.

शिवाय हे पैसे लागतात कधी? मे महिन्यात. म्हणजे नेमके बियाणे-खत घ्यायच्या वेळी. शहरात बसून ज्यांनी ‘समर इंटर्नशिप’चे वेळापत्रक ठरवले त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्याची सुट्टी होती. शेतकऱ्याच्या घरात मे-जून म्हणजे पेरणीची जुळवाजुळव. अनामत भरायची की बियाण्याच्या थैल्या उचलायच्या, या प्रश्नात मुलीची बाजू कोण मांडणार? माझ्या बहिणीने बचत गटातून दहा हजार उचलले आणि उरलेल्यांची तजवीज भाऊजींनी केली. ज्या घरात बाई गटात नाही, किंवा गटाचे कर्ज आधीच थकलेले आहे, तिथली मुलगी गुणांनी कितीही हुशार असो, तिचे प्रशिक्षण जवळच्याच एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात शिक्का मारून पूर्ण होते. बिनमानधनाची इंटर्नशिप म्हणजे अनुभवाची विक्री आहे, आणि ज्याला परवडते त्यालाच ती मिळते. २०२४ च्या केंद्राच्या योजनेत सुरुवातीला महिना पाच हजार ठरले होते. ते खाटेलाच पुरत नाहीत, पण निदान काम करणाऱ्याला काही द्यायचे असते हे तरी त्यात मान्य केलेले आहे.

मुलींच्या बाबतीत उन्हाळ्याची आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची, दुसरे काय! टंचाईच्या दिवसांत पाणी भरायला हात हवे असतात, आणि ते घरातल्या मुलीचे असतात. लग्नसराई याच दिवसांत. स्थळे याच दिवसांत येतात. ‘यंदा राहू दे, पाहुणे येणार आहेत’ या एका वाक्यावर किती मुलींचे पुणे रद्द झाले असेल ते कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जाणे हे आमच्या मुलींसाठी नुसते शिकणे नाही. एक उन्हाळा तिने स्वतःच्या नावावर करून घेतलेला असतो.

आता प्रवास. इथून पुण्याला जाणारी बहुतेक वाहने रात्रभर चालतात आणि पहाटे अंधारात उतरवून देतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेट एस.टी. स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये पहाटे एका तरुणीवर बलात्कार झाला. ती फलटणला निघाली होती. त्यानंतर आमच्या गावातही चर्चा झाली, आणि चर्चेचा विषय हाच की ती रिकाम्या गाडीत चढलीच कशी, ओरडली का नाही. स्थानकात रात्री उजेड किती होता, उभ्या गाड्यांना कुलूप का नव्हते, पहारेकरी कुठे होते हे प्रश्न मागून आले. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याचा आमच्या मुलींना खरोखर उपयोग झाला. पण अर्ध्या तिकिटासोबत उजेड पूर्ण हवा.

राहण्याच्या जागेचा अनुभव वेगळाच. फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर दुसरा प्रश्न, “नॉनव्हेज खाता का?” आमच्या जिल्ह्यात बौद्ध आहेत, बंजारा आहेत, मुसलमान आहेत. त्यांच्या मुलींना ‘खोली कालच गेली’ हे उत्तर किती वेळा ऐकावे लागते ते त्यांनाच विचारा. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या मुलीने तीन ठिकाणी असे ऐकले आणि चौथ्या ठिकाणी जास्त भाडे देऊन राहिली. मुलींनी शहरात कसे राहावे यावर व्याख्याने देणारी मंडळी या प्रश्नावर तोंड उघडत नाहीत. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्राची जुनी योजना आता ‘सखी निवास’ या नावाने चालते. जागा शिल्लक असेल तर प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही तिथे राहता येते. हे कॉलेजच्या सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे?

वसतिगृह म्हटले की घरचे निर्धास्त होतात. भिंत आहे, फाटक आहे, पहारा आहे. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. ती आपल्या शेजारच्या अकोल्याची. सुट्टी असल्याने बहुतेक मुली घरी गेल्या होत्या. संशय ज्याच्यावर होता तो त्याच वसतिगृहात काम करणारा माणूस होता आणि त्याच दिवशी रेल्वे रुळांवर त्याचा मृतदेह मिळाला. या मुलीने रात्री फिरायला जाण्याचे, अनोळखी माणसाशी बोलण्याचे, कसलेच ‘नको’ मोडले नव्हते. ती आपल्या खोलीत होती. आमच्या भागातल्या कितीतरी आयांनी त्या आठवड्यात मुलींचे अर्ज मागे घेतले. त्यांना मी दोष देणार नाही. पण फाटकावर मुलींच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिणारी वही असते, तशी आत काम करणाऱ्या पुरुषांची नोंद, त्यांची चौकशी, सुट्टीत उरलेल्या मुलींना एका मजल्यावर एकत्र ठेवण्याची व्यवस्था हे सगळे कोणी करायचे? दिल्लीच्या मुलींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ म्हणत वसतिगृहांच्या वेळांवर बोट ठेवले तेव्हा त्यांना उच्छृंखल म्हटले गेले. त्यांचा मुद्दा साधा होता: कुलूप मुलीला लावले म्हणजे सुरक्षा झाली असे नाही.

कंपनीकडे वळू. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्यामागे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आहे, आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी आहे. ती साथिन म्हणून काम करत होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. शहरातल्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या मुलींना संरक्षण देणारा कायदा एका खेड्यातल्या बाईच्या लढ्यातून आला, हे आपल्या मुलींना निघताना सांगितले पाहिजे. शहराला आपणही काही दिलेले आहे!

या कायद्यात प्रशिक्षणार्थी मुलगी येते. पगार मिळो न मिळो, ती येते. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, बाहेरची एक सदस्य हवी. समिती नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. इथे एक मेख आहे. दोन महिन्यांची पाहुणी मुलगी प्रमाणपत्रावर सही होईपर्यंत तोंड उघडत नाही. सही झाली की घरी येते, आणि घरी सांगितले तर पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत म्हणून गप्प बसते. मुदत तिथेच निघून जाते. घरच्या ‘नको’च्या यादीचा खरा परिणाम हा होतो. वाईट घडले तर आपलीच यादी मोडली असे तिला वाटते आणि ती लपवते.

म्हणून आम्ही गटातल्या बायांनी भाचीच्या कॉलेजला विचारले की कंपनीकडून समितीच्या सदस्यांची नावे लेखी घेतली का. ‘असे आजवर कोणी विचारले नाही’ असे उत्तर मिळाले. मग आम्हीच कंपनीला पत्र लिहिले. कामाच्या वेळा काय, रात्री साडेनऊनंतर थांबवणार असाल तर तिची संमती आणि घरी पोचवण्याची सोय कशी, समितीत कोण, एवढेच विचारले. (रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत संमती आणि संरक्षणाशिवाय बाईकडून काम घेता येत नाही, हे राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे.) आठ दिवसांनी उत्तर आले, नावांसकट. भाऊजी आधी म्हणत होते, “असं विचारल्यावर ते पोरीले ठेवतील काय?” ठेवले.

भाचीने जाताना जे सोबत नेले त्यात तुरीची डाळ, ठेचा आणि दशम्या होत्याच. त्याशिवाय तिच्या एकटीच्या नावावरचे बँक खाते होते, परतीच्या भाड्याचे वेगळे बांधून ठेवलेले पैसे होते, त्या पत्राची प्रत होती, ११२ आणि १८१ हे क्रमांक होते. तिच्या आईने तिला एक वाक्य सांगितले, “काही झालं तं पहिले मले सांगजो, मी तुले परत बोलावणार नाही.” सतरा सूचनांपेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटते. परत बोलावणार नाही हा शब्द दिला म्हणून मुलगी खरे सांगू शकते.

तिने सांगितलेही. पहिल्या पंधरवड्यात एक वरिष्ठ तिला रोज ‘जिल्हा कुठे आला तो’ म्हणून चिडवायचा, तिच्या बोलीची नक्कल करायचा. तिने एकदा सरळ विचारले की यात हसण्यासारखे काय आहे. नक्कल थांबली. दर रविवारी ती सारसबागेत नुसती बसायची. काम नाही, खरेदी नाही, कोणाची वाट पाहणे नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईबद्दल ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये लिहिले, त्यात नेमका हाच मुद्दा आहे की बाईला रस्त्यावर असण्यासाठी नेहमी काहीतरी कारण दाखवावे लागते. भाचीने ते पुस्तक वाचलेले नाही. आईने फोनवर विचारले, “तिथं बसून करतेस काय?” ती म्हणाली, “काही नाही.” माझी बहीण थोडी घुटमळली आणि म्हणाली, “बस मग.”

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या चार मुली जाणार आहेत, दोन रिसोडच्या, एक कारंज्याची, एक मानोऱ्याची. कंपनीला लिहायच्या पत्राचा नमुना आम्ही तयार केला आहे, ज्यांना हवा त्यांना पाठवू. पुण्या-मुंबईतल्या वाचक मैत्रिणींना एक विनंती आहे. तुमच्या माहितीत मुलींसाठी खोली किंवा वसतिगृह असेल तर भाडे किती, अनामत परत देतात का, फाटक किती वाजता बंद होते, आत कोण कोण पुरुष काम करतात आणि फोनवर आडनाव विचारतात का, एवढे मार्चपूर्वी आम्हाला कळवा.