उंबरठ्याचा मान

घराचे दार लावून घेण्याचा अधिकार घर विकत घेणाऱ्याचा, की त्या घरात राहणाऱ्याचा? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु नागपुरात, आणि विशेषतः प्रताप नगरासारख्या वस्तीत, तो आज अनेक कुटुंबांच्या नित्याच्या स्वास्थ्याशी निगडित झाला आहे. प्लॉटवरील बैठी घरे जाऊन तेथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील कितीतरी गाळ्यांचे मालक पुण्याला, बंगळुरूला वा परदेशी असतात, आणि गाळ्यांत राहतात ते बदलीवर आलेले नोकरदार, महाविद्यालयीन विद्यार्थी, रुग्णालयांतील परिचारिका आणि नुकताच संसार मांडलेली जोडपी. अशा घरांत गळती पाहण्याच्या निमित्ताने व्यवस्थापक मंडळाचे सदस्य अवेळी शिरतात, कोण राहतो आणि कोण येतो-जातो याची झडती घेतात, प्रसंगी मालकाने ठेवलेली दुसरी किल्ली लावून भाडेकरूच्या माघारीही आत जातात. 'आम्हांला कायद्याने तो अधिकार आहे,' असे त्यांचे उत्तर असते. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नागपुरातील अनेक इमारती सहकारी गृहसंस्था म्हणून नव्हे, तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून अस्तित्वात आल्या आहेत. या कायद्याच्या सहाव्या कलमाने मालकांच्या संघाला प्रत्येक गाळ्यात प्रवेश करण्याचा अधिकार दिला आहे आणि तो रद्द करता येत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच वाक्यात कायद्याने त्याला तीन कुंपणे घातली आहेत. प्रवेश करावयाचा तो व्यवस्थापकाने वा व्यवस्थापक मंडळाने. वेळ असावी ती वाजवी. आणि प्रयोजन असावे ते सामाईक भागांच्या देखभाल-दुरुस्तीचे, किंवा सामाईक भागाला अथवा दुसऱ्या गाळ्याला हानी पोहोचू नये म्हणून करावयाच्या तातडीच्या दुरुस्तीचे. म्हणजे हा अधिकार नळाच्या, भिंतीच्या आणि तुळईच्या पाठीमागे जाणारा आहे. माणसाच्या पाठीमागे जाणारा नव्हे. स्वयंपाकघरात काय शिजते, मुलीच्या खोलीत कोण पाहुणी आली आहे, देव्हाऱ्यात कोणती तसबीर आहे, यांचा समावेश 'सामाईक सुविधां'त होत नाही.

जो मालक प्रत्यक्ष भाडे घेतो, त्यालादेखील कायद्याने मोकळे रान दिलेले नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते की, जागेची पाहणी करावयाची तर आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळीच करावी. आणि हे बंधन भाडेकरूप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्यासही लागू आहे. स्वतः मालकाला जे विनासूचना करता येत नाही, ते त्याची किल्ली हाती आल्याने संघाच्या सचिवाला करता येईल, हा तर्क आम्हांस तरी अजब वाटतो. फौजदारी कायद्याची दृष्टीही हीच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३२९ वे कलम गृहअतिक्रमणाचा विचार करताना मालकी पाहत नाही, ताबा पाहते. दुसऱ्याच्या ताब्यातील घरात त्याला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे, मग शिरणारा कोणत्याही समितीचा पदाधिकारी असो.

व्यवस्थापक मंडळांची बाजूही आम्ही जाणतो. पदरमोड करून, विनावेतन, शेजाऱ्यांचे टोमणे ऐकत ही मंडळी इमारत चालवितात. उन्हाळ्यात वरच्या गाळ्यातील कूलरचे पाणी खालच्याच्या छतातून ठिबकू लागले, किंवा बंद घरातून धूर येऊ लागला, तर त्यांनी सूचनेची मुदत मोजीत बसावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु आणीबाणीसाठी दिलेला अधिकार रोजच्या पहाऱ्यासाठी वापरला, की संरक्षक आणि हेर यांतील भेद पुसला जातो.

येथे खरी मेख आहे ती सामर्थ्याच्या विषमतेत. १९४९ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशाच्या काळात नागपुरातील भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. त्या व्यवस्थेत मालकांवर अन्यायही झाला, हे खरे. आजचा भाडेकरू मात्र बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने राहतो. संघाच्या सभेत त्याला मत नाही, कारण तो मालक नाही; आणि तोंड उघडावे तर करार पुन्हा होत नाही. ज्यांना त्याने निवडले नाही आणि ज्यांना तो दूर करू शकत नाही, अशांच्या हाती त्याच्या दाराची किल्ली आहे. अशा स्थितीत त्याचे मौन ही संमती समजणे हा अन्याय आहे.

खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटी घटनाबाह्य ठरविल्या, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. हे निर्णय शासनसत्तेच्या संदर्भातील आहेत, खाजगी संघाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि वर्दीतील शिपायाला जे वर्ज्य ठरले, ते शेजाऱ्याने सहज करावे, हे कोणत्या सभ्यतेत बसते?

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांसाठी मुंबईकडे डोळे लावून बसण्याचेही कारण नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात प्रवेशापूर्वी चोवीस तासांच्या सूचनेची तरतूद आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज ती बंधनकारक होत नाही. पण चांगला नियम स्वेच्छेने पाळण्यास कोणाची मनाई आहे? प्रत्येक संघाने ठराव करावा : सूचना लेखी आणि एक दिवस आधी, तीत कारण व वेळ नमूद, पाहणी राहणाऱ्याच्या समक्ष, एकट्या स्त्रीच्या घरी जाताना सोबत स्त्री सदस्य, आणीबाणीत कुलूप उघडावे लागलेच, तर दोन साक्षीदार आणि त्याच दिवशी वहीत नोंद. मालकानेही करारात हे कलम घालावे आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे भाडेकरूस सांगावे.

भाडे देणारा माणूस केवळ चार भिंती घेत नाही. त्या भिंतींआड निर्धास्तपणे राहण्याची हमी घेतो. ती हमी मोडणारी इमारत कितीही टापटिपीची असली, तरी ती धर्मशाळाच होय. प्रताप नगरातील सुजाण मालकांनी हा विवेक आपण होऊन दाखवावा; न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याची पाळी आपल्याच शेजाऱ्यावर आणू नये.