व्यायामाचीही मात्रा असते

बालरोगतज्ज्ञाने पिलाटीसविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण लहान मुले दवाखान्यात एकटी येत नाहीत. त्यांच्यासोबत आई येते, आजी येते, आणि मुलाला तपासून झाले की "डॉक्टर, जरा माझ्या कमरेचं विचारू का?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तरादाखल मी वर्षानुवर्षे दोनच शब्द सांगत आलो : व्यायाम करा.

हे दोन शब्द एका आजींना महागात पडले. सत्तरी ओलांडलेल्या या आजी सुनेबरोबर पिलाटीसच्या एका वर्गाला जाऊ लागल्या. वयाखेरीज तेथे त्यांना काही विचारले गेले नाही. उताणे निजून कणा गुंडाळत उठून बसण्याचा प्रकार तरुण मुलींबरोबर त्यांनीही केला. तिसऱ्या आठवड्यात पाठीत कळ आली आणि क्ष-किरण चित्रात एक मणका दबलेला दिसला. हाडे आधीपासूनच ठिसूळ होती. "तुम्हीच सांगितलं होतं ना व्यायाम करायला?" एवढेच त्या म्हणाल्या.

दोष पद्धतीचा नव्हे. जोसेफ पिलाटीस (१८८३–१९६७) हा जर्मन गृहस्थ स्वतः बालपणी प्रकृतीने दुबळा होता. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत, आइल ऑफ मॅन बेटावर होता. तेथे खाटांना स्प्रिंगा जोडून त्याने अंथरुणाला खिळलेल्यांकडून व्यायाम करवून घेतला, असे सांगतात. आजच्या रिफॉर्मर यंत्रातील स्प्रिंग विरोध करते, तशी अशक्त अवयवाला आधारही देते. माणसागणिक बदल करण्याची सोय या पद्धतीत आहेच. बदल कोणता करायचा, हे ठरवणारा जाणकार हवा.

तो जाणकार फिजिओथेरपिस्ट असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीला तो पुढे वाकण्याऐवजी पाठीच्या स्नायूंना बळ देणारे आणि तोल सावरण्याचे व्यायाम देतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ उताणे निजवत नाही, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो. रक्तदाब असलेल्यास श्वास कोंडू देत नाही. माझ्या क्षेत्रातले उदाहरण सांगतो. काही मुलांचे सांधे अतिलवचीक असतात. ती सहज दुमडतात, नातेवाईक कौतुक करतात आणि संध्याकाळी तीच मुले पाय दुखतात म्हणून रडतात. त्यांना आणखी ताणणे हा शुद्ध अन्याय आहे. त्यांना हवे असते ते सांध्यावर ताबा ठेवणारे बळ, आणि ते सावकाश मिळवावे लागते.

पिलाटीस सर्वश्रेष्ठ आहे, असा दावा मी करणार नाही. कंबरदुखीवरील २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत किमान उपचारांपेक्षा त्याचा लाभ दिसला. अन्य व्यायामांहून ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आणि 'व्यायामज्ञानकोशा'च्या या बडोद्यात कोणी म्हणेल, मग परदेशी प्रकार कशाला? म्हणणे योग्य आहे. परंतु सूर्यनमस्कारही त्या आजींना न तपासता घालायला लावले असते, तर मणका बहुधा तसाच दबला असता.

आम्ही बालरोगतज्ज्ञ साध्या पॅरासिटामॉलची मात्राही मुलाचे वजन पाहून ठरवतो. व्यायामाबाबत मात्र आपण सारेच डॉक्टर इतके सैल का? पूर्वीचे अस्थिभंग, शस्त्रक्रिया, रक्तदाब, चालू औषधे आणि काय वर्ज्य आहे, एवढे लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी देण्यास दोन मिनिटे पुरतात. ती आपण देत नाही आणि नंतर वर्गचालकांना दोष देतो.

खर्चाची अडचण खरी आहे. प्रत्येकाला स्वतंत्र फिजिओथेरपिस्ट परवडणार नाही. पण पहिली तपासणी एकेकट्याची करून पुढे चार-पाच जणांचा गट घेता येतो. आपल्या मंडळात फिजिओथेरपिस्ट सुना-मुली आहेत, आणि सकाळी रिकामे असलेले एखादे सभागृहही मिळू शकेल. कार्यकारिणीने याचा विचार करावा.

आजी आता आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जातात. भिंतीला पाठ टेकवून हात वर नेण्यापासून सुरुवात झाली. "यात कसला आलाय व्यायाम!" अशी त्यांची नवी तक्रार आहे. नातवाच्या लसीकरणाला मागच्या महिन्यात आल्या, तेव्हा जिना त्यांनी कठडा न धरता चढला.